निळी खोली होती की नव्हती?

मूळ पत्र सहा पानांचं आहे आणि त्यातली जवळजवळ चार पानं एका जिन्याबद्दल आहेत. तक्रार नाही हं, वाचायला मजाच आली. पण इथे कापूनच देतेय.

"ताई, माझं वय ४७. लहान असताना दर मोठ्या सुट्टीत आम्ही आठ-दहा दिवस आईच्या आईकडे राहायला जायचो. आजीचं घर म्हणजे अक्षरशः महाल होता. गेटपासून मेन दरवाजापर्यंत चालताना पाय दुखायचे. आत गेलं की उंचच उंच हॉल, त्यात माणसाएवढं उभं घड्याळ, आणि वळत वळत वर जाणारा लाकडी जिना. वरच्या मजल्यावर एक निळी खोली होती, तिच्या खिडकीला रंगीत काचा होत्या आणि दुपारी त्यांचे रंग जमिनीवर पडायचे. त्या खोलीत आजीने एकदा मला एकटीला जवळ बसवून सांगितलं होतं, 'हे घर तुझंही आहे हं.' आई तिथे गेली की फारशी बोलायची नाही, पण ते असो.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. आता ते घर विकायचं ठरलंय, दोन महिन्यांत ताबा द्यायचाय. हे कळलं त्या रात्री मला झोपच येईना म्हणून मी फॅमिली ग्रुपवर ह्या सगळ्या आठवणींची एक लांबलचक पोस्ट टाकली. सगळ्यांनी हार्ट दिले. मामेबहिणीने मात्र, ती त्याच घरात वाढली, लिहिलं की निळी खोली कधीच नव्हती, रंगीत काचा नव्हत्या, आजी असं बोलणं शक्यच नाही, आणि 'तू वर्षातून आठ दिवस यायचीस, तुला काय माहीत त्या घरातलं.' माझा सख्खा भाऊ पण म्हणाला की त्याला काचाबिचा काही आठवत नाहीत. मी पोस्ट डिलीट केली. आता माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. हे सगळं मी मनानेच रचलं का?

अजून एक, जे कुणाला सांगितलं नाही. सुट्टीहून परत आलं की आमचं दोन खोल्यांचं घर बघून मला रडू यायचं. आई सगळ्यांना सांगायची, प्रवासाने दमलीय. मला आजी आवडायची की तिचं घर? घर जाण्याआधी एकदा बघून यावं का? की जे डोक्यात आहे ते तसंच राहू द्यावं? – सुट्टीतली पाहुणी"

प्रिय पाहुणी,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते कारण त्याला मुदत आहे. जा. नक्की जा. जायच्या आधी काय करायचं आणि कुणाला सोबत न्यायचं ते खाली लिहितेय, पण तारीख ठरवायला आत्ताच घ्या, दोन महिने बघता बघता जातात.

आता ती पोस्ट. रागावू नका, पण मी तुमच्या मामेबहिणीच्या जागी असते तर मलाही धस्स झालं असतं. घर विकायला काढलंय, सह्या व्हायच्यात, कुणाच्या वाट्याला काय हे घरात दबक्या आवाजात चालू असणार, आणि नेमकं तेव्हा रात्री दीड वाजता कुणीतरी ग्रुपवर टाकतं की आजी मला म्हणाली होती, हे घर तुझंही आहे. तुम्ही ते डोळ्यात पाणी आणून लिहिलंत हे मला सहा पानं वाचून कळलं, तिच्यापुढे एक पोस्ट होती आणि तिला त्यात वकिलाची नोटीस दिसली असेल! म्हणजे तिने जे खोडून काढलं ते निळी खोली आणि काचा म्हणून खोडलं की त्या एका वाक्याच्या धसक्याने सगळंच सरसकट खोडलं, हे आपल्याला माहीत नाही. तिला आज दोन ओळींचा मेसेज करा, ग्रुपवर नाही, तिला एकटीला. की बाई, मला हिस्साबिस्सा काही मागायचा नव्हता, आजीची आठवण आली म्हणून लिहिलं. (आणि खरंच मागायचा असेल तर तो प्रश्न मला नाही, वकिलाला विचारा, आणि मग तिच्याशी खोल्यांच्या रंगावर बोलण्यात दोघींचाही वेळ घालवू नका.)

तर, रचलं का?

माझं सांगते. मलाही एक श्रीमंत आजी होती, सख्खी नाही, बाबांची मावशी. तिच्याकडेही असाच एक जिना होता आणि मी सात वर्षांची असताना त्यावरून गडगडत खाली आले होते. मला ते लख्ख आठवतं, कठडा हातातून सुटला तो क्षण, पायरीच्या कडेवर आपटलेली हनुवटी, तोंडात रक्ताची चव, आजी वरून ओरडतेय. ही गोष्ट मी तीस वर्षं लोकांना सांगितली. मग एकदा जेवताना भावासमोर सांगायला लागले तर तो काही बोललाच नाही, नुसती मान वर करून हनुवटी दाखवली. तीन टाक्यांची खूण. माझ्या हनुवटीवर काहीच नाही. पडला तो होता, मी वर उभी राहून बघत होते आणि बहुधा भोकाडही मीच पसरलं होतं.

मला वाटलं मीच एकटी वेडी. पण २००१ साली शीन, केम्प आणि रुबिन ह्या संशोधकांनी जुळ्या भावंडांवर एक अभ्यास छापला. २० जोड्या घेतल्या, मोठी झालेली माणसं, दोघे भाऊ नाहीतर दोघी बहिणी, त्यांना एकेक शब्द देऊन आठवणी सांगायला लावल्या. १४ जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली की दोघंही म्हणाले, हे माझ्या बाबतीत झालंय, तुझ्या नाही. म्हणजे घडलं काहीतरी नक्की होतं, भांडण होतं ते मालकीवरून. म्हणून तुमच्या भावाला काचा आठवत नाहीत ह्याला मी पुरावा मानत नाही. तो तेव्हा बागेत असेल. पण तुम्हाला आठवतात ह्यालाही मी पुरावा मानत नाही, सॉरी. तुमच्या पत्रात काचांचं वर्णन इतकं सुंदर आलंय की मला जरा शंका आली, कारण आपण जी आठवण वर्षानुवर्षं काढून काढून पुसत बसतो ना तीच जास्त चकचकीत होते, आणि चकचकीत म्हणजे खरी असं अजिबात नाही.

मुलांच्या विचारशक्तीवर ज्यांनी आयुष्यभर काम केलं त्या ज्याँ पियाजे यांचा किस्सा ह्यावर फार बोलका आहे. त्यांना दोन वर्षांचे असतानाची एक आठवण होती, पॅरिसच्या रस्त्यावर दाई त्यांना बाबागाडीतून फिरवतेय, एक माणूस त्यांना पळवायला येतो, दाई झटापट करते, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात, मग पोलीस येतो, त्याच्या अंगावर आखूड झगा आणि हातात पांढरा दंडुका. सगळं चित्रासारखं. ते साधारण १५ वर्षांचे झाले तेव्हा त्या दाईचं पत्र आलं की तो प्रसंग मी रचून सांगितला होता, आणि बक्षीस म्हणून दिलेलं घड्याळ तिने परत केलं. म्हणजे लहानपणी घरात कानावर पडलेल्या गोष्टीचं मनाने चित्र काढलं आणि चित्राला आठवण म्हणून फ्रेम केलं. असं करताना खोटं बोलायचा हेतू कुणाचाच नसतो (दाईचा सोडून).

पण म्हणून "सगळंच मनाचं" असंही नाही, आणि इथे मला तुमच्या बहिणीचं ते "तुला काय माहीत" पटत नाही.

जो घरात राहतो त्याचे दिवस एकमेकांत मिसळून जातात. तिने तो जिना हजारो वेळा चढला असेल, त्यातलं एकही चढणं तिला वेगळं आठवणार नाही, दप्तर घेऊन वर जायचे आणि खाली यायचे इतकंच. तुम्ही वर्षातून आठ दिवस जायचात, सगळं नवं, सगळीकडे टकामका बघत, म्हणून तुम्हाला कठड्याच्या टोकाला असलेल्या लाकडी गोळ्याला पडलेली चीरसुद्धा आठवते (पान तीन). पण पाहुण्याला फक्त पाहुण्याचं घर दिसतं हेही खरंच. पावसाळ्यात छत कुठे गळायचं, आजी कुणावर आवाज चढवायची, तो एवढा मोठा हॉल रोज कोण पुसायचं, हे तिला माहीत असणार. सहा पानांत एकाही पानावर कुणी झाडू मारताना दिसलं नाही मला, बघा परत वाचून. शिवाय तुमच्याकडेही गडबड झालेलीच आहे, पाच-सहा सुट्ट्या एकत्र होऊन त्यांची एकच मोठ्ठी सुट्टी झालीय. एका पानावर तुम्ही घड्याळाच्या लंबकाएवढ्या आहात आणि त्याच दुपारी पुढच्या पानावर जाडजूड कादंबरी वाचताय.

आणि जागेच्या आठवणी घट्ट बसतात त्याला कारण आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, आयुष्यात घडलेले प्रसंग साठवण्याच्या कामात तो लागतो. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांनी दाखवलं की उंदराच्या ह्याच भागात काही पेशी अशा आहेत की उंदीर खोलीत एका ठरावीक ठिकाणी आला की तेवढीच पेशी जागी होते, दुसरीकडे गेला की दुसरी. मग २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात जागेची मोजपट्टी आखणाऱ्या पेशी सापडल्या, आणि तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणजे कुठे आणि काय ही दोन खाती मेंदूने शेजारी-शेजारी ठेवलीत. म्हणूनच आजीचा चेहरा तुम्हाला धूसर आठवतो असं तुम्ही लिहिलंय पण तिच्या खोलीकडे जायला जिना संपला की किती पावलं हे पाठ आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ह्या मुद्द्यावर परत येते.

"बघायला गेले आणि लहान वाटलं तर?" वाटणारच हो, लहान. साधा हिशोब करा. सहा वर्षांच्या मुलीची उंची साधारण ११५ सेंटिमीटर. बारा फुटी छत म्हणजे तिच्या उंचीच्या तिप्पटीहून जास्त. तुमची उंची १६५ धरली तर तुम्हाला आज तितकंच उंच वाटायला छत सतरा फुटांवर पाहिजे. पायरीचं तेच. १७ सेंटिमीटरची पायरी तिला जेवढी चढावी लागायची तेवढी तुम्हाला लागायला ती २४-२५ सेंटिमीटरची हवी, अशा जिन्यावर आज तुम्ही दहा पायऱ्यांत धापा टाकाल. म्हणजे महाल तुम्ही फुगवलेला नव्हता, तुमच्या मापाने तो महालच होता. गेल्यावर एक करा, हॉलमध्ये जमिनीवर फतकल मारून बसा आणि वर बघा. कुणी हसलं तर हसू दे.

आता निळी खोली. हिची मला खरं सांगायचं तर तुमच्यापेक्षा जास्त उत्सुकता लागलीय. मामेबहीण तुमच्याहून किती लहान-मोठी हे पत्रात नाही. ती पाच-सात वर्षांनी लहान असेल तर ती कळती होईपर्यंत खोलीला नवा रंग लागून गेलेला असू शकतो आणि तिच्या दृष्टीने निळी खोली खरंच "कधीच नव्हती". किंवा भिंती पांढऱ्या आणि पडदे निळे असतील, दुपारी ऊन पडद्यातून आलं की सगळी खोली निळी. मग रंगीत काचांचं जमिनीवर पडलेलं ऊन पण तिथलंच असेल, किंवा दुसऱ्याच कुठल्यातरी घरातलं इथे येऊन राहिलं असेल. हे तपासता येतं. जुन्या घरात रंग देणारे कोपरे सोडतात. भिंतीतल्या कपाटाच्या आत मागच्या बाजूला बघा, दाराच्या बिजागरीच्या पट्टीखाली, खिडकीच्या चौकटीची वरची कड, जिथे हात पोचत नाही. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे लोक भिंतीला छोटासा छेद देऊन रंगाचे थर मोजतात, वरून खाली, कांद्यासारखे. तुम्ही भिंत खरवडू मात्र नका, घर विकलं जातंय, नव्या मालकाशी भांडण कशाला. टवका उडालेला कुठेतरी सापडेलच, त्याच्या कडेला थर दिसतात.

निघायच्या आधी घरी बसून एक काम. कागद घ्या आणि त्या घराचा नकाशा काढा, आठवणीतून, दारं खिडक्या जिना घड्याळ सगळं, जे आठवत नाही तिथे प्रश्नचिन्ह. त्यावर तारीख घाला. जुने फोटो बघायचे ते त्यानंतर, घर बघायचं तेही नंतर. कारण एकदा आजचं घर बघितलं की तेच डोक्यातल्या घरावर चढून बसणार आणि मग आधी काय होतं ते वेगळं काढता येत नाही. तुम्ही विचारलंय की डोक्यात आहे ते तसंच राहू द्यावं का, तर ते ठेवायची जागा हा कागद. भावालाही वेगळा काढायला सांगा, एकमेकांचं न बघता. भावंडांचे असे नकाशे शेजारी ठेवून बघणं ह्यासारखी करमणूक नाही, आमच्या घरी ह्यावरून दोन दिवस अबोला होता.

आता ते जे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. आजी आवडायची की घर.

सहा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न कळला तरी असता का? तिच्यासाठी आजी म्हणजेच तो जिना, तो हॉल, तो कपाट उघडल्यावर येणारा वास. वासाचं तर असं आहे की बाकीच्या इंद्रियांची खबर मेंदूत आधी एका मधल्या चौकीवर जाते, वासाची मात्र जवळजवळ सरळ भावना आणि आठवणींच्या भागात पोचते, म्हणून तो कपाटाचा वास आजही कुठे आला तर तुम्ही थबकता. घर आवडलं म्हणजे तुम्ही पैशाला भुललात असा अर्थ तुम्ही चाळीस वर्षांनी काढताय, मोठ्या माणसाच्या हिशोबाने. बरं थोडं भुललाही असाल. मोठी खोली, मऊ गादी, पळायला जागा, कुणाला आवडणार नाही? मला तर अजून आवडते. आजीवरचं प्रेम त्याने कमी होतं असं मला नाही वाटत. आणि आजीनेही तुम्हाला जवळ घेऊन काय दिलं, तर घरच दिलं ना, "तुझंही आहे". शब्द अगदी तेच होते का देव जाणे, तिच्याकडे प्रेम दाखवायला तेवढंच असेल. काही श्रीमंत बायकांना आयुष्यभर वस्तूंतूनच बोलायची सवय लागते, माझ्या त्या आजीलाही होती, तिने मला कधी कुशीत घेतल्याचं आठवत नाही पण तिच्या टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली एकदा दिवसभर माझ्या गळ्यात घातली होती.

पण पाहुणी, तुमच्या पत्रात मला वेगळीच गोष्ट टोचली. जिन्याला चार पानं, घड्याळाला अर्धं पान, आणि आईला दोन ओळी. आई तिथे गेली की फारशी बोलायची नाही, "पण ते असो". आणि परत आल्यावर तुम्ही रडायचात तेव्हा आई सांगायची, प्रवासाने दमलीय.

ते "असो" मला नाही सोडवत. ते घर तिचं माहेर होतं. ती तिथे वाढली, तो जिना तिनेही सहा वर्षांची असताना चढला असणार, आणि मग ती तिथे वर्षातून आठ दिवस पाहुणी म्हणून यायला लागली, दोन मुलं आणि एक बॅग घेऊन. का नव्हती बोलत? मला माहीत नाही, मी उगाच गोष्ट रचणार नाही, आत्ताच एवढं पुराण लावून झालं त्यावर. भावजयीशी पटत नसेल, किंवा काही मागायचं असेल आणि मागता येत नसेल, किंवा नुसती थकलेली असेल आणि वर्षातले तेवढेच आठ दिवस तिला गप्प बसायला मिळत असतील. पण दर वर्षी परतल्यावर आपली मुलगी आपलं घर बघून रडते हे तिला कळत नव्हतं असं तुम्हाला खरंच वाटतं? प्रवासाने दमलीय हे ती बाबांना सांगत होती, शेजाऱ्यांना सांगत होती, तुम्हाला सांगत होती, तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून. एवढ्या लहान मुलीची बाजू तिने दर वर्षी न चुकता सांभाळली आणि तिच्याच डोळ्यांसमोर तिचंच घर त्या मुलीला नकोसं झालं होतं.

आई आहेत, हे पत्राच्या शेवटच्या पानावर तुमच्या बोलण्यात आलंय, गुडघे दुखतात म्हणून. मग हे सगळं मला का विचारताय? निळी खोली होती का, काचा होत्या का, आजी असं बोलली असेल का, ह्या घरात वाढलेली दुसरी एक व्यक्ती तुमच्या घरात बसलीय आणि तुम्ही मामेबहिणीशी ग्रुपवर वाद घालताय.

विचारताना फक्त एक पथ्य. "आई, वर निळी खोली होती ना गं?" असं विचारू नका. ती तुमच्या तोंडाकडे बघून हो म्हणेल. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून वेगाबद्दल विचारलं, काहींना विचारताना गाड्या एकमेकींना "धडकल्या" असा साधा शब्द, काहींना "चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचा. आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका शब्दाने एवढं होतं, तर तुमच्या डबडबलेल्या डोळ्यांनी काय होईल. म्हणून असं विचारा, "जिना चढून वर गेलं की डावीकडे काय होतं?" आणि गप्प बसा. फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावा, तिला सांगून लावा, आणि मध्ये मध्ये "हो हो मलाही आठवतं" करू नका, हे फार अवघड आहे, मला जमलं नव्हतं, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ मीच बोलतेय. घर संपलं की हळूच विचारा की तुझी खोली कुठली होती. मला वाटतं हा प्रश्न तुम्ही कधी विचारलेला नाही.

रडण्याचं सांगायचं की नाही ते त्या वेळी ठरवा. सांगितलंत तर सहज सांगा, हसत. माफीबिफी मागायला जाऊ नका, ती संकोचून उठून जाईल आणि पुढचं सगळं राहून जाईल.

आणि मग तिला घेऊन घर बघायला जा. गुडघे दुखतात, ठीक आहे, आधी फोन करून खाली खुर्ची टाकून ठेवायला सांगा. मामेबहिणीलाच सांगा. म्हणावं, आईला एकदा घर बघायचंय, तू असशील का? ह्याला नाही म्हणणं जड जातं, आणि ती आली तर तुम्हाला जे माहीत नाही ते सगळं तिला विचारा, छत कुठे गळायचं, हॉल कोण पुसायचं, आजी रागावली की कशी रागवायची. "तुला काय माहीत" म्हणाली होती ना, तर मग म्हणावं नाही माहीत, सांग. तिचंही ते घर जातंय, तुमच्यापेक्षा जास्त जातंय, तिला कुणी हार्ट दिले का ते बघितलंत?

जुने फोटो कुणाकडे असतील तर स्कॅन करून घ्या, लहान प्रिंट असेल तर ६०० डीपीआयवर, आणि मागची बाजूही करा, कधीकधी नाव किंवा साल मागेच लिहिलेलं असतं. फोटो काळे-पांढरे असतील तर निळ्याचा निकाल त्यातून लागणार नाही, पण काचांचा लागू शकेल.

आणि कळवा हं मला. भिंतीतल्या कपाटात आत, मागच्या बाजूला, टॉर्च न्यायला विसरू नका.